मुलांची भाकरी व मुलांचें अंगण

वारजे हें मुठेच्या डाव्या तीरावरचें एके काळचें शेतकऱ्यांचें गांव १९९७ सालीं पुणें महानगरपालिकेच्या हद्दींत आलें. त्यानंतरच्या पाव शतकांत त्याचें रूप किती पालटलें हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. ज्या वावरांत ज्वारी-बाजरी डोलत असे तेथें मजल्यावर मजले चढले. मुंबई-बंगळूर हमरस्त्यावरून गाड्यांचा ओघ अहोरात्र वाहूं लागला. दुकानें वाढलीं, पेढ्या वाढल्या, जमिनीच्या भावाला तर सीमाच राहिली नाहीं. ही भरभराट आम्हांस नको आहे असें मुळींच नाहीं. परंतु वस्तीची भरभराट तिच्यांतील इमारतींच्या उंचीवरून मोजावयाची कीं तिच्यांत वाढणाऱ्या मुलांच्या उंचीवरून, असा एक साधा प्रश्न आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों. आणि तोही शाळेंत जाणाऱ्या मुलांविषयीं नव्हे, तर शाळेच्या पटावर ज्यांचें नांव अजून चढलेलें नाहीं अशा सहा वर्षांखालील बालकांविषयीं.

शाळेंत गेलेल्या मुलाची चौकशी करणारें कोणी ना कोणी असतें. गुरुजी असतात, परीक्षा असते, प्रगतिपुस्तक असतें. सहा वर्षांच्या आंतील मूल मात्र घरच्यांचें कौतुक आणि समाजाची उद्यांची गोष्ट होऊन बसलें आहे. त्याचें खाणें ही त्याच्या आईची बाब, त्याचें खेळणें ही त्याची स्वतःची बाब, आणि या दोहोंशीं नगराचा, व्यापाऱ्याचा अथवा गृहसंस्थेचा कांहीं संबंध नाहीं, अशी आपली समजूत आहे. ही समजूत चुकीची आहे व तिची किंमत आपण रोज देत आहों, असें आमचें स्पष्ट मत आहे.

प्रथम आपण आपल्या डोळ्यांचीच परीक्षा करूं. मुलाचें आरोग्य नजरेनें पारखण्याची आपली जुनी रीत आहे. मनगटाला वळी व गालाला लाली असली कीं मूल बाळसेदार; फांसळ्या दिसूं लागल्या कीं मूल वाळलें, त्याला कोणाची तरी दृष्ट लागली, नाहीं तर त्याच्या आईचें लक्ष नाहीं. परंतु निसर्गाचा क्रम निराळा आहे. नीट वाढणाऱ्या मुलाचें वजन पहिल्या वाढदिवसापर्यंत जन्मवेळेच्या सुमारें तिप्पट होतें. पुढें हा वेग मंदावतो, आणि दोन ते पांच या वयांत वर्षाकांठीं सुमारें दोन किलोच वजन वाढतें. वेग मंदावला कीं भूकही मंदावते. अंगावरचें बाळसें उतरून मूल पांच-सहा वर्षांचें होईपर्यंत सडसडीत होत जातें व त्यानंतर पुन्हां भरूं लागतें. हें भरणें ज्या मुलांत फार लवकर सुरू होतें त्यांस पुढें लठ्ठपणाचा धोका अधिक असतो. म्हणजे चार वर्षांचें चपळ, सडसडीत, पण उंचीनें व वजनानें वेळच्या वेळीं वाढणारें नातवंड पाहून जी आजी हळहळते, ती बहुधा निरोगी मुलाविषयीं हळहळते. आणि शेजारच्या ज्या गुबगुबीत मुलाचें ती कौतुक करते, त्याचीच चौकशी करणें कित्येकदां अधिक जरूर असतें.

याचा अर्थ कुपोषण हा आजीबाईंचा भास आहे असा कोणी घेऊं नये. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या पांचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील पांच वर्षांखालील मुलांपैकीं शेंकडा ३५ मुलें वयाच्या मानानें बुटकीं व शेंकडा २५ हून अधिक उंचीच्या मानानें रोडकीं आढळलीं. आणि सहा महिन्यांपुढच्या बालकांत शेंकडा सुमारें ६९ रक्तक्षयी निघालीं. त्याच पाहणींत वाजवीपेक्षां अधिक वजनाच्या मुलांचें प्रमाण शेंकडा ४ च्या वर गेलेलें दिसतें. २०१५-१६ च्या पाहणींत तें शेंकडा २ च्या आंत होतें. हा दुसरा आंकडा लहान आहे, परंतु त्याचें दुप्पट होणें लहान नाहीं. एकाच राज्यांत, एकाच शहरांत, किंबहुना एकाच गल्लींत अपपोषण आणि अतिपोषण शेजारी शेजारी नांदूं लागलीं आहेत.

इतकेंच नव्हे, तर तीं एकाच देहांतही नांदूं शकतात, हें ज्या संशोधनानें जगाच्या लक्षांत आणून दिलें तें आपल्या पुण्याचेंच आहे. येथील केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं १९९३ सालीं पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवती स्त्रियांचा आहार व त्यांच्या मुलांची वाढ यांची पाहणी हातीं घेतली. हीं मुलें जन्मतः सरासरीनें २.७ किलो वजनाचीं भरलीं. तुलनेला घेतलेलीं इंग्लंडांतील बालकें ३.५ किलोचीं होतीं. वजन कमी, स्नायू कमी, पोटांतील अवयवही लहान. परंतु त्वचेखालची चरबी मात्र त्या मानानें फारशी कमी नाहीं, असा विलक्षण प्रकार २००३ सालच्या निबंधांत त्यांनीं मांडला. वरून रोड व आंतून मेदयुक्त असें हें आमचें बाळ होय. पुढें हींच मुलें अठरा वर्षांचीं झालीं, तेव्हां त्यांच्यापैकीं जवळजवळ निम्मीं अपेक्षित वजनाहून कमी होतीं. आणि तरीही मुलग्यांत शेंकडा ३७ व मुलींत शेंकडा १८ जणांच्या रक्तांतील साखर वाजवीपेक्षां अधिक निघाली. ही माहिती २०२१ सालीं प्रसिद्ध झाली. ज्यांची साखर सहाव्या व बाराव्या वर्षींच इतरांहून चढी होती, त्यांच्यांत हा दोष पुढें अधिक दिसला, असेंही त्या निबंधांत म्हटलें आहे.

मधुमेह हा खात्यापित्या घरच्या, पोट सुटलेल्या प्रौढांचा रोग, ही आपली कल्पना या आंकड्यांपुढें टिकत नाहीं. आमच्या व्यापारी वाचकांच्या भाषेंत सांगावयाचें तर, या कर्जाची वसुली तिशी-चाळिशींत होते, पण त्याची नोंद पाळण्यांतच, किंवा त्याच्याही आधीं आईच्या पोटांत झालेली असते. मग करावयाचें काय? रोडक्या मुलाला साखर व तूप चारून एका जागीं बसवून ठेवलें, तर त्याच्या अंगावर मेद चढेल. स्नायू व हाडें बळकट होणार नाहींत. स्नायू होण्यास प्रथिनें लागतात आणि तीं प्रथिनें कामीं लावणारी हालचाल लागते. उलट अर्धपोटीं मुलाला नुसतें धांवावयास लावलें, तर तें थकून बसेल. म्हणून मुलाची भाकरी व मुलाचें अंगण हे दोन प्रश्न नसून एकच प्रश्न आहे. आजवर आपण पहिला प्रश्न आईवर टाकला व दुसऱ्याची दखलच घेतली नाहीं.

भाकरी म्हणतांना आम्हांस केवळ भाकरी अभिप्रेत नाहीं. घरांत शिजलेलें, वेळेवर मिळालेलें, साधें व चौरस अन्न असा त्या शब्दाचा अर्थ आम्ही करतों. पहिले सहा महिने केवळ आईचें दूध. पुढें तें चालू ठेवून मऊ वरणभात, नाचणीचें सत्त्व, कुस्करलेलें केळें. आणि वर्षाचें झाल्यावर घरच्याच ताटांतलें, पण तिखट-मीठ बेताचें ठेवलेलें जेवण. यासाठीं परदेशी डबे लागत नाहींत. शंभर ग्रॅम नाचणींत सुमारें ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतें. सडलेल्या पांढऱ्या तांदळांत त्याचा विसावा भागही नसतो. मोड आलेल्या मटकीची उसळ, ज्वारीची भाकरी, पातळ पिठलें, मेथी, शेवग्याचा पाला, ताक, आणि ज्या घरीं चालतें तेथें अंडें, हीं सर्व वारज्याच्या बाजारांत मिळतात व वारज्याच्या सुगरणींस करतां येतात. उणीव पदार्थांची नाहीं. उणीव आहे ती संवयीची.

तीन संवयी आम्हांस विशेष घातक वाटतात. पहिली, लहान मुलाला सकाळीं चहांत बुडविलेलें बिस्कीट किंवा खारी देण्याची. चहांतील टॅनिन अन्नांतलें लोह शरीराला लागण्यास अडथळा करतें. ज्या राज्यांत दहांपैकीं सात बालकें रक्तक्षयी आहेत, तेथें दिवसाचा आरंभच लोहाची वाट अडवून करावा, यासारखा उलटा व्यवहार नाहीं. त्याऐवजीं पालेभाजीवर अथवा वरणावर लिंबू पिळलें, तर तेंच लोह अधिक अंगीं लागतें. आणि लिंबाला कांहीं फार पैसे पडत नाहींत.

दुसरी संवय पांच रुपयांच्या पुड्याची. मूल रडलें, पुडा. पाहुणा आला, पुडा. आईला कामावर जावयाचें आहे, पुडा. रोज एक पुडा धरला तरी महिन्याचे दीडशें रुपये झाले. त्या पैशांत शेंगदाणे व गूळ आणून घरीं लाडू वळले, तर महिनाभर रोज एक पुरून उरतो, हा हिशेब व्यापारी वाचकांनीं आपल्याच दुकानच्या भावानें करून पाहावा. सुपारीएवढ्या नव्हे, चांगल्या लिंबाएवढ्या एका लाडवांत सुमारें ४ ग्रॅम प्रथिनें मिळतात; पुड्यांतील तळलेल्या बटाट्याच्या कापांत एक ग्रॅमही नाहीं, मीठ मात्र भरपूर. येथें एक सूचना करणें अवश्य आहे: चार-पांच वर्षांखालील मुलाला अख्खे शेंगदाणे वा फुटाणे देऊं नयेत, ते घशांत अडकण्याची भीति असते, नेहमीं कूट करूनच द्यावे.

तिसरी संवय अगदीं अलीकडची. मूल जेवत नाहीं म्हणून त्याच्यापुढें फोन धरावयाचा, आणि चित्रांत गुंगलेल्या त्या मुलाच्या तोंडांत घास कोंबीत जावयाचें. वर आम्हीं सांगितलें कीं दुसऱ्या वर्षापासून भूक मंदावणें हें स्वाभाविक आहे. त्या भुकेला न विचारतां पोट भरण्याची संवय लागली, म्हणजे पोट भरलें केव्हां हें ओळखण्याची निसर्गदत्त बुद्धीच मुलांत मरते. काय द्यावें व केव्हां द्यावें हें वडिलधाऱ्यांनीं ठरवावें. किती खावें हें मुलावर सोडावें. नवी भाजी पहिल्या दिवशीं थुंकून टाकली म्हणून ती वर्ज्य झाली असें समजूं नये. आठ-दहा, कधीं पंधरा वेळां थोडी थोडी पुढें आल्यावर मूल ती आपलीशी करतें. यास पैसा लागत नाहीं, फक्त धीर लागतो. आणि तो धीर केवळ आईनेंच कां धरावा? संध्याकाळीं ताटावर मुलाजवळ बसण्याचें काम बापाला कमीपणाचें नाहीं.

आतां अंगणाकडे वळूं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं पांच वर्षांखालील मुलांसाठीं जे नियम प्रसिद्ध केले, त्यांत तीन-चार वर्षांच्या मुलानें दिवसाकांठीं निदान १८० मिनिटें हालचाल करावी, त्यांपैकीं ६० मिनिटें तरी धाप लागेल अशी धांवपळ असावी, एका वेळीं तासाहून अधिक काळ त्यास गाडींत वा खुर्चींत जखडून ठेवूं नये, बसल्या जागीं पडद्यावरचीं चित्रें पाहणें तासाच्या आंत असावें, आणि १० ते १३ तास झोंप मिळावी, असें सांगितलें आहे. दोन वर्षांच्या आंतल्या मुलापुढें तर पडदा येऊंच नये, असा भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचाही सल्ला आहे. आपल्या आजोबांच्या काळीं हे नियम कोणीं लिहिले नव्हते, कारण ते लिहिण्याची गरज नव्हती. ज्या घराला अंगण होतें व अंगणाला माती होती, तेथें तीन तासांची हालचाल मूल कोणाच्या सांगण्यावांचून करीत असे.

व्यायामाची परंपरा महाराष्ट्राला नवी नाहीं. गांवोगांवच्या तालमी, औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनीं केलेला सूर्यनमस्कारांचा प्रसार, कॅप्टन शिवरामपंत दामले यांनीं १९२४ सालीं पुण्यांत स्थापिलेलें महाराष्ट्रीय मंडळ, हीं नांवें आपण अभिमानानें घेतों. परंतु ही सर्व दृष्टि मुख्यतः शाळकरी मुलें व तरुण यांवर होती. तीन वर्षांच्या मुलाचा विचार वेगळा करण्याची तेव्हां निकड नव्हती, आज आहे. त्याला दंडबैठका नकोत, कवायतही नको. त्याला शिवाशिवी, लपंडाव, आंधळी कोशिंबीर, दोरीवरून उडी, मातीचा ढीग व चढावयाला एक बुटकें झाड पाहिजे. खेळांतूनच त्याचे पाय बळकट होतात, नजर व हात यांचा मेळ बसतो, आणि भूकही लागते. ज्या आया मुलाला भूक नाहीं म्हणून औषधाची बाटली शोधतात, त्यांनीं आधीं त्याला तासभर मोकळ्यावर सोडून पाहावें.

पण सोडावें कोठें? येथेंच वारज्याचा खरा प्रश्न आहे. गांवठाणांतील जुन्या घरांचीं अंगणें भिंतींत गेलीं, आणि नव्या इमारतींतील जमीन वाहनांना मिळाली. महाराष्ट्राच्या २०२० सालच्या एकत्रित विकास नियमावलीप्रमाणें ४,००० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडावर शेंकडा १० जागा करमणुकीसाठीं मोकळी ठेवावी लागते. नियम चांगला आहे. परंतु अशा कित्येक जागांवर आज आपण काय पाहतों? शोभेची हिरवळ, तिच्याभोंवतीं कुंपण, आणि 'हिरवळीवर खेळूं नये' अशी पाटी. जी जागा कायद्यानें माणसांच्या करमणुकीसाठीं सोडविली, ती गवताच्या करमणुकीसाठीं राखून ठेवणें यास काय म्हणावें? आणि ज्या वस्त्यांत इमारतीच नाहींत, दहा फुटी खोल्या व त्यांमधून वाहणारी गटारें आहेत, तेथील मुलाला तर दाराबाहेर पाऊल टाकतांच दुचाकीशीं गांठ पडते. श्रीमंताच्या मुलाचें अंगण गवतानें घेतलें, गरिबाचें रस्त्यानें घेतलें. अंगण दोघांचेंही गेलें.

राहतां राहिली बालवर्गांची गोष्ट. एखाद्या बंगल्याच्या खालच्या मजल्यावर दोन खोल्या घेऊन चालविलेले हे वर्ग आतां गल्लोगल्लीं आहेत. त्यांतले कांहीं उत्तम आहेत. परंतु पुष्कळांत तीन वर्षांच्या मुलाला बांकावर बसवून अक्षरें गिरवावयास लावतात, आणि पालकांनाही तेंच हवें असतें. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें तीन ते आठ वर्षांचा काळ हा खेळांतून शिकण्याचा पाया मानला आहे. बोटांचे स्नायू तयार होण्यापूर्वीं पेन्सिल व पाय तयार होण्यापूर्वीं बांक, हा क्रम धोरणाच्याही विरुद्ध आहे व निसर्गाच्याही. यांत मुलींचें नुकसान दुहेरी होतें. पोरीच्या जातीनें उड्या मारूं नयेत, कपडे मळवूं नयेत, हें तिला तिसऱ्या वर्षींच ऐकावें लागतें. आणि पुष्कळ घरीं दुधाचा दुसरा पेला भावाला मिळतो. हीच मुलगी पुढें माता होते. महाराष्ट्रांतील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आहेत, असें उपरोक्त पाहणीच सांगते. मग त्यांचीं बाळें पावणेतीन किलोचीं भरलीं तर त्यांत नवल काय?

हा भाकरीचा व अंगणाचा एकत्र विचार या महाराष्ट्रांत एका स्त्रीनें फार पूर्वीं केला होता. गिजुभाई बधेका यांच्यासह १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ काढणाऱ्या ताराबाई मोडक १९४५ सालीं तेव्हांच्या ठाणें व आतांच्या पालघर जिल्ह्यांतील बोर्डी येथें गेल्या आणि गरिबांच्या मुलांसाठीं काम करूं लागल्या. त्यांच्यासंगें अनुताई वाघ होत्या. मुलें बालवाडींत येत नाहींत, तर बालवाडीनेंच मुलांच्या अंगणांत जावें, असें ताराबाईंनीं ठरविलें व त्या प्रयोगास 'अंगणवाडी' हें सुंदर नांव दिलें. गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं तर त्यांनीं कुरणांतच शाळा नेली. पुढें २ ऑक्टोबर १९७५ रोजीं केंद्र सरकारनें एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि हें मराठी नांव सर्व देशाचें झालें. आज भारताच्या कोनाकोपऱ्यांत जो शब्द बोलला जातो, त्यांतलें 'अंगण' मात्र त्याच्या माहेरींच हरवावें, ही खेदाची गोष्ट आहे. शहरांतील कित्येक अंगणवाड्या भाड्याच्या एका खोलींत भरतात. वाडी आहे, अंगण नाहीं.

तरीही या संस्थेचें मोल सुशिक्षित वर्गानें ओळखलेलें नाहीं, हें आम्हांस स्पष्ट सांगितलें पाहिजे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानें तीन ते सहा वर्षांच्या मुलाला अंगणवाडींत सकाळची न्याहारी व गरम जेवण मिळण्याचा हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयानें २००६ सालींच ही सेवा सहा वर्षांखालील प्रत्येक मुलापर्यंत पोंचविण्याचा आदेश दिला आहे. सेविकेजवळ वजनकांटा असतो व एक साधी फीत असते. सहा महिने ते पांच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर १२.५ सेंटिमीटरांहून कमी भरला तर कुपोषण, आणि ११.५ हून कमी भरला तर तें तीव्र, असें ती फीत दोन पळांत सांगते. जें आजीच्या नजरेला दिसत नाहीं तें या फितीला दिसतें. परंतु अंगणवाडी ही गरिबांची, आपली नव्हे, असें म्हणून मध्यमवर्ग तिच्याकडे पाठ फिरवितो. आणि ज्या संस्थेकडे वजनदार लोक पाठ फिरवितात तिची खोली गळकी राहते, हा जगाचा अनुभव आहे.

येथें कोणी म्हणेल कीं हें सर्व बोलणें सोपें आहे. नवराबायको दोघें नोकरीला, रस्त्यावर गाड्या, लोकांवर विश्वास नाहीं, मुलाला सोडावें कोणाच्या भरंवशावर? हा आक्षेप खोटा नाहीं. म्हणूनच आम्ही एकट्या आईला उपदेश करीत नाहीं. जें एका घराला साधत नाहीं तें वीस घरांना साधतें. आणि एकत्र येऊन काम करण्याचा धडा वारज्याला दुसऱ्या गांवीं जाऊन शिकावयास नको. येथीलच १६.८ हेक्टर ओसाड टेकडी वनखातें व नागरिक यांनीं मिळून हिरवीगार केली. आणि २०२० सालीं केंद्र सरकारनें देशांत दोनशें नगरवनें उभारण्याची योजना जाहीर केली, तेव्हां वारज्याचें हें स्मृतिवन नमुना म्हणून पुढें ठेवलें. शेजारच्या हिंगण्यास १९०० सालीं अण्णासाहेब कर्वे यांनीं एका झोंपडीत आपल्या आश्रमाचें बिऱ्हाड नेलें, त्या वेळीं त्यांच्याजवळ द्रव्य नव्हतें, निश्चय होता. ज्या परिसरानें ओसाड टेकडीवर झाडें वाढविलीं, त्याला आपलीं मुलें वाढवितां येणार नाहींत असें आम्हांस वाटत नाहीं.

तेव्हां आमच्या मागण्या मोजक्याच आहेत, आणि त्यांतली एकही अशक्य नाहीं. गृहसंस्थांनीं रोज संध्याकाळीं एक तास आवारांतील गाड्यांची ये-जा बंद ठेवून ती जागा लहान मुलांस द्यावी, पाळीपाळीनें दोन वडीलधाऱ्यांनीं तेथें बसावें, आणि हिरवळीवरची ती पाटी काढून टाकावी. त्या तासांत आवारांतील रखवालदाराचें व घरकाम करणाऱ्या बाईचें मूलही खेळेल, याला कोणीं हरकत घेऊं नये. बालवर्गांच्या चालकांनीं लेखणी मागें व खेळ पुढें असा क्रम लावावा, आणि डब्यांत पुडा आणूं नये असा नियम करावा. नियम सर्वांना सारखा असला म्हणजे कोणाच्याही आईला रडें ऐकावें लागत नाहीं. महानगरपालिकेनें प्रत्येक उद्यानांत सहा वर्षांखालील मुलांसाठीं मातीचा व वाळूचा कोपरा राखावा, आणि अंगणवाडीला खोली देतांना तिच्यापुढें निदान दहा पावलांचें अंगण आहे कीं नाहीं तें पाहावें. पालकांनीं, मग ते सदनिकेंतले असोत वा चाळींतले, महिन्यांतून एकदां मुलाचें वजन व उंची मोजून ती तक्त्यावर लिहून ठेवावी. आणि शेजाऱ्याच्या मुलाशीं नव्हे, तर आपल्याच मुलाच्या मागच्या महिन्याशीं तुलना करावी.

व्यापारी बंधूंना आमची एक वेगळी विनंती आहे. दुकानांत शिरतांच तीन वर्षांच्या मुलाचा हात जेथें पोंचतो, त्या उंचीवर आज चकचकीत पुड्यांच्या माळा लोंबतात. त्या कोणीं व कां लोंबविल्या हें आम्हांपेक्षां त्यांनाच अधिक ठाऊक. त्या माळा दोन हात वर टांगाव्या आणि खालच्या फळीवर केळीं, राजगिऱ्याचे लाडू, चुरमुरे ठेवावे, एवढेंच आम्ही मागतों. यानें धंदा बुडणार नाहीं. कदाचित् नफा थोडा कमी होईल. पण जें गिऱ्हाईक आज गल्ल्याएवढें उंच आहे, तेंच वीस वर्षांनीं आपल्या संसाराचा किराणा भरावयास त्याच दुकानांत येणार आहे. तें तेव्हां धडधाकट व कमावतें असावें, कीं साखरेच्या गोळ्यांना पगार मोजणारें असावें, याचा विचार दूरदृष्टीच्या व्यापाऱ्यानें अवश्य करावा.

आमच्या संविधानाच्या ४५ व्या अनुच्छेदांत, २००२ सालच्या दुरुस्तीनंतर, सहा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांचें संगोपन व शिक्षण यांसाठीं राज्यसंस्थेनें झटावें असें म्हटलें आहे. राज्यसंस्था म्हणजे कोणी दूरची दिल्ली-मुंबई नव्हे. आपलें आवार, आपली गल्ली व आपलें दुकान हींही त्या जबाबदारीच्या कक्षेबाहेर नाहींत. सहा वर्षांखालील मुलाला मत देतां येत नाहीं, अर्ज लिहितां येत नाहीं, मोर्चा काढतां येत नाहीं. त्याच्या देहाची बांधणी मात्र याच सहा वर्षांत होते आणि ती पुढें ढकलतां येत नाहीं. इमारतीचा एखादा मजला यंदा न बांधला तर पुढच्या वर्षीं बांधतां येईल. चौथ्या वर्षाच्या मुलाचें चौथें वर्ष पुन्हां येत नाहीं. वारज्याच्या नागरिकांनीं हें ध्यानांत घेऊन येत्या रविवारपासून एका तरी आवाराचें फाटक तासभर गाड्यांना बंद करावें. त्या तासांत किती मुलें बाहेर येतात, आणि त्या रात्रीं तीं जेवतात कशीं, तें त्यांनीं स्वतः पाहावें.